जुहूचा विमानतळ : जुन्या धावपट्टीला नवं काम

"मुंबईचा विमानतळ कुठे आहे?" असा प्रश्न विचारला तर आपल्यातले बहुतेक जण सांताक्रूझ किंवा सहार म्हणतील. आता तर कुणी "नवी मुंबईचा पण धरायचा का?" असंही विचारेल. पण या दोघांच्याही आधीचा, मुंबईचा मूळ विमानतळ जुहूला आहे आणि तो आजही चालू आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. आसनगावहून लोकलने दादरला उतरून वेस्टर्नने विलेपार्ल्याला जाणारे आपले कितीतरी मित्र त्याच्या कुंपणाजवळून गेले असतील. आत काय चालतं याचा पत्ता मात्र नसतो!

या लेखात मी तीन गोष्टी सांगणार आहे. हा विमानतळ कसा झाला, मोठी विमानं त्याला सोडून का गेली, आणि मोठी विमानं गेल्यावरही तो बंद का पडला नाही. शेवटी आपल्याच जिल्ह्यातल्या एका धावपट्टीबद्दल थोडं लिहिणार आहे. तिची गोष्ट जुहूच्या अगदी उलट झाली.

सुरुवात : चिखलाचं मैदान

जुहू हे मुळात समुद्रालगतचं सखल गाव. विलेपार्ल्याच्या बाजूला खाजण, दलदल आणि मधे सपाट मोकळी जमीन. १९२८ साली तिथे उड्डाणाच्या क्लबसाठी मैदान तयार झालं. नागरी विमानवाहतुकीचा आपल्या देशातला पहिला विमानतळ म्हणून जुहूचंच नाव घेतलं जातं. त्या काळी विमानतळ म्हणजे आजच्यासारख्या काचेच्या इमारती नव्हत्या. सपाट मैदान, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, विमान आत ठेवायला एक शेड आणि पेट्रोलचे डबे. बस्स, झाला विमानतळ!

याच सुमारास, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, जे. आर. डी. टाटा यांना मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिल्या क्रमांकाचा परवाना. त्याच वर्षी लंडनहून कराचीपर्यंत इम्पीरियल एअरवेजची विमानं टपाल आणू लागली होती. पण कराचीच्या पुढे काय? पत्रं पुन्हा रेल्वेत! तेव्हा कराचीहून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत विमानाने टपाल न्यायचं, अशी योजना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने टाटांपुढे मांडली. सरकारशी बराच काळ पत्रव्यवहार झाला आणि अखेर दिवस ठरला.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास २८ वर्षांचे जे. आर. डी. कराचीहून एकटे निघाले. विमान होतं पस मॉथ, एका इंजिनाचं, सव्वाशे अश्वशक्तीच्या आसपासचं. म्हणजे आजच्या एका बऱ्यापैकी मोटारीएवढी ताकद! रेडिओ नाही, रडार नाही. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी किनाऱ्याची रेघ, एवढ्यावरच सगळी भिस्त. अहमदाबादला थांबले तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या थोडं आधी ते जुहूला उतरले. टपालाचं ओझं जेमतेम २५ किलो. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारतातल्या नियमित विमानसेवेची सुरुवात ही अशी. पुढे हीच सेवा टाटा एअरलाइन्स झाली आणि १९४६ साली तिचं नाव एअर इंडिया झालं.

पण जुहूची एक मोठी अडचण होती : पावसाळा. मैदान इतकं सखल की पाऊस आणि भरती एकत्र आली की ते पाण्याखाली. आपल्याकडे शहापूर-मुरबाडला आषाढ-श्रावणात भाताची खाचरं जशी दिसतात तसंच! मग दरवर्षी पावसाळ्यात टाटांचं सगळं बिऱ्हाड, म्हणजे विमानं, वैमानिक आणि मेकॅनिक, पुण्याला जायचं आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून उड्डाणं व्हायची. एवढं सगळं असूनही १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमानांनी १ लाख ६० हजार मैल प्रवास केला. प्रवासी किती नेले? वर्षभरात फक्त १५५! खरा धंदा टपालाचा होता.

हे मुद्दाम एवढं सांगितलं, कारण त्यातून एक गोष्ट दिसते. जुहूचं माप त्या काळच्या विमानाच्या मापाचं होतं. विमान लहान, म्हणून मैदान लहान चाललं.

मोठी विमानं का गेली? थोडं गणित

आता आपल्या अभ्यासातला भाग. घाबरू नका, बारावीचं फिजिक्स पुरेल.

विमान उतरल्यावर थांबायला किती अंतर लागतं? ब्रेक लावल्यावर वेग एकसारखा कमी होतो असं धरलं, तर अंतर बरोबर वेगाचा वर्ग भागिले दुप्पट मंदन. मंदन ढोबळमानाने २ मीटर प्रति सेकंद वर्ग धरू.

पस मॉथसारखं विमान उतरताना वेग साधारण ताशी ७५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २१ मीटर. २१ चा वर्ग ४४१, भागिले ४, उत्तर सुमारे ११० मीटर. आपल्या कॉलेजच्या मैदानावरसुद्धा जवळजवळ थांबेल!

आता चार इंजिनांचं जेट विमान घ्या. उतरताना वेग ताशी २५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७० मीटर. ७० चा वर्ग ४९००, भागिले ४, उत्तर १२२५ मीटर. वेग साधारण ३.३ पट वाढला, पण अंतर अकरा पट वाढलं. शिवाय चाकं धावपट्टीच्या अगदी टोकाला टेकत नाहीत, तीनशे-चारशे मीटर आत टेकतात. पट्टी ओली असेल तर आणखी अंतर हवं. जुहूची मुख्य धावपट्टी आहे ११४३ मीटर. म्हणजे गणित तिथेच संपलं.

(हा हिशेब फक्त समजण्यासाठी आहे. प्रत्यक्षात विमानाचं वजन, वारा, तापमान, पट्टीचा उतार असं बरंच काही मोजतात.)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला ब्रिटिश हवाई दलाचा मोठा तळ होता. युद्ध संपल्यावर तिथे नागरी विमानं उतरू लागली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं मुंबई-लंडन हे पहिलं उड्डाण झालं तेव्हा मुंबईची मुख्य विमानवाहतूक सांताक्रूझकडे वळली होती. जुहूवर हळूहळू क्लबची आणि छोटी विमानं तेवढी उरली.

चुकून आलेले पाहुणे

जुहू संपलं असं लोकांना वाटत असताना मोठी विमानं दोनदा तिथे उतरली. आमंत्रणाशिवाय!

त्याआधी धावपट्टीचे आकडे समजून घेऊ. धावपट्टीला तिच्या दिशेवरून नंबर देतात. होकायंत्रावरचे अंश घ्यायचे आणि शेवटचा शून्य काढून टाकायचा. ८० अंशांकडे जाणारी पट्टी ०८, तीच उलट बाजूने २६० अंश, म्हणजे २६. जुहूची मुख्य पट्टी ०८/२६ आणि सांताक्रूझची मुख्य पट्टी ०९/२७. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच दिशेच्या, दोन्ही पूर्व-पश्चिम, आणि दोन्ही विमानतळांत अंतर तीन-चार किलोमीटर. समुद्रावरून पूर्वेकडे येणाऱ्या वैमानिकाला आधी जुहू दिसतं आणि मग सांताक्रूझ. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने हे अंतर एका मिनिटात कापलं जातं. चूक व्हायला आणखी काय हवं?

१५ जुलै १९५३ रोजी बीओएसी कंपनीचं कॉमेट, म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान, सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. भर पावसाळ्यात! नशिबाने थांबलं. आता ते बाहेर कसं काढायचं? नऊ दिवसांनी ते विमान जुहूच्याच छोट्या पट्टीवरून यशस्वीपणे उडवून नेण्यात आलं.

२४ सप्टेंबर १९७२ रोजी हीच चूक जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानाची झाली. या वेळी मात्र आपलं वरचं गणित खरं ठरलं. विमान पट्टी संपल्यावरही पुढे गेलं आणि इतकं मोडलं की पुन्हा कधी उडालं नाही. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही.

मला वाटतं, डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाने ही दोन उदाहरणं लक्षात ठेवावीत. वैमानिक चुकले हे खरंच, पण एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी जवळजवळ ठेवल्या की माणूस आज ना उद्या चुकणार. लॅबमध्ये सारख्या रंगाची दोन बटणं शेजारी असली तर काय होतं, हे आपल्या लॅब असिस्टंट सरांना विचारून बघा!

मग जुहू बंद का पडलं नाही?

आता मुख्य मुद्दा. जुहू म्हणजे मुंबईतल्या सर्वात महाग वस्तीतली मोकळी जमीन. चहूबाजूंनी इमारती, आणि जिथे चौरस फुटाचे भाव ऐकून आपल्याला चक्कर येईल तिथे हा एवढा सपाट तुकडा. तो अजून विमानतळच का राहिला?

त्याचं उत्तर समुद्रात आहे. १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात तेल सापडलं. त्या तेलक्षेत्राला आपण बॉम्बे हाय म्हणायचो, आता मुंबई हाय. तिथल्या फलाटांवर शेकडो इंजिनिअर आणि कामगार पाळ्यांमध्ये राहतात. साधारण चौदा दिवस काम, चौदा दिवस सुट्टी. त्यांची ने-आण करायची तर बोटीने बराच वेळ जातो आणि पावसाळ्यात समुद्र खवळतो. म्हणून हेलिकॉप्टर. १९८५ साली पवन हंस ही सरकारी हेलिकॉप्टर कंपनी स्थापन झाली आणि जुहू हा तिचा मोठा तळ झाला. पुढे खासगी कंपन्यांची हेलिकॉप्टरंही तिथून उडू लागली.

हेलिकॉप्टरला लांब पट्टी लागत नाही. त्याला लागते समुद्राजवळची, मोठ्या विमानांच्या गर्दीपासून बाजूला असलेली जागा. सांताक्रूझला एकामागोमाग जेट विमानं उतरत असतात. तिथे मधेच हळू चालणारं हेलिकॉप्टर घातलं तर हायवेवर बैलगाडी आणल्यासारखं होईल. जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर थोड्याच वेळात समुद्रावर असतं. म्हणजे बघा, ज्या लहान मापामुळे जुहू मागे पडलं, त्याच मापाचं काम त्याला नंतर मिळालं.

हे काम सोपं नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेलं एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं आणि त्यातले सातही जण गेले. त्यांत ओएनजीसीचे पाच अधिकारी होते. २८ जून २०२२ रोजी सागर किरण या रिगजवळ दुसरं हेलिकॉप्टर पाण्यात पडलं आणि चौघांचा मृत्यू झाला. आपल्या हॉस्टेलच्या गॅस सिलिंडरमागे, एसटीच्या डिझेलमागे अशी माणसंही उभी आहेत.

याशिवाय जुहूवर विमान देखभालीचं शिक्षण चालतं. बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाणाचं प्रशिक्षण मुंबईच्या गर्दीमुळे धुळ्याला गेलं, पण विमान दुरुस्ती-देखभालीचे वर्ग जुहूला आहेत. आपल्यापैकी ज्यांना मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स करून विमानाकडे वळायचं असेल, त्यांनी या परवान्याची माहिती जरूर घ्यावी. डिग्री वेगळी आणि विमानावर सही करण्याचा अधिकार देणारा परवाना वेगळा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. विमानतळाच्या आसपास इमारतींच्या उंचीवर बंधन असतं. मोठ्या धावपट्टीच्या रांगेत हवेत एक तिरपा उतार मोकळा ठेवावा लागतो, साधारण ५० मीटर अंतराला १ मीटर उंची. म्हणजे पट्टीपासून ३ किलोमीटरवर फक्त ६० मीटर! लहान पट्ट्यांसाठी नियम वेगळे, पण तत्त्व तेच. त्यामुळे जुहू, विलेपार्ले, अंधेरी भागातल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास करताना अडचणी येतात. तिथे राहणाऱ्यांना विमानतळ म्हणजे डोक्यावरची झाकणी वाटते. त्यांचंही चूक नाही.

दुसऱ्या शहरांनी काय केलं?

जुना विमानतळ शहराच्या पोटात आला की काय करायचं, हा प्रश्न जगभर आला. हाँगकाँगने कै ताक विमानतळ जुलै १९९८ मध्ये बंद केला आणि त्या जागेवर नवी वस्ती वसवायला घेतली. बर्लिनचा टेम्पेलहोफ ऑक्टोबर २००८ मध्ये बंद झाला. तिथे घरं बांधायची योजना आली, पण २०१४ साली शहरातल्या लोकांनी मतदान करून ते मैदान मोकळंच ठेवायला लावलं. आज तिथल्या धावपट्टीवर लोक सायकली चालवतात. आपल्याकडे हैदराबादला मार्च २००८ मध्ये शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाल्यावर बेगमपेटची प्रवासी विमानं थांबली, पण प्रशिक्षण, महत्त्वाच्या व्यक्तींची विमानं आणि विमान प्रदर्शन यासाठी ते वापरात राहिलं.

प्रत्येकाची वाट वेगळी. पण सगळीकडे एक गोष्ट सारखी आहे. "या जमिनीचं आता काम काय?" हे कुणीतरी ठरवलं.

आपल्या जवळची धावपट्टी : नेवाळी

आता ती उलट गोष्ट. मुरबाडहून एसटीने कल्याणला उतरा आणि मलंगगडच्या रस्त्याला लागा. वाटेत नेवाळी लागते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने तिथे आजूबाजूच्या गावांची शेतजमीन घेऊन लष्करी विमानांसाठी धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, विमानं गेली. धावपट्टीला दुसरं काम मिळालं नाही. जमिनीचा निकालही लागला नाही. शेतकरी तिथे पिढ्यान्‌पिढ्या भात लावत राहिले, आणि कागदावर जमीन संरक्षण खात्याची राहिली.

२०१७ साली नौदलाने तिथे कुंपणाची भिंत घालायला सुरुवात केली आणि २२ जून २०१७ रोजी आंदोलन पेटलं. रस्ते अडवले गेले, गाड्या जळाल्या, पोलीस आणि गावकरी दोन्हीकडचे जखमी झाले. युद्धासाठी घेतलेली जमीन युद्ध संपल्यावर आम्हाला परत द्यायला हवी होती, हे शेतकऱ्यांचं म्हणणं. जमीन कायदेशीरपणे आमची आहे, हे नौदलाचं म्हणणं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्या फाइलवर निर्णय व्हायला हवा होता, तो न झाल्यामुळे नातवंडांच्या अंगावर लाठ्या आल्या.

मी मुरबाड तालुक्यातला. आमच्याकडे आणि शहापुरात "संपादन" हा शब्द लहान पोरालासुद्धा कळतो. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्याच्या परिसरातली, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तोही याच तालुक्यातून गेला. प्रकल्प नकोत असं मी म्हणत नाही. मी स्वतः इंजिनिअरिंग शिकतोय, उद्या अशाच कुठल्यातरी प्रकल्पावर नोकरी करणार. पण प्रकल्पाचा अहवाल लिहिताना आपण खर्च लिहितो, आयुष्य किती वर्षं ते लिहितो. ते आयुष्य संपल्यावर जमिनीचं काय, हे पान मात्र कोरंच असतं.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात याबद्दल एक तरतूद आहे. त्या कायद्याखाली घेतलेली जमीन ताबा घेतल्यापासून पाच वर्षं वापराविना पडून राहिली, तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या जमीन-पेढीला परत जावी असं त्यात म्हटलं आहे. "किंवा" हा शब्द नीट वाचा. मूळ मालकालाच मिळेल अशी खात्री त्यात नाही. तरीही पान कोरं नाही, एवढं तरी झालं.

शेवटी

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. म्हणजे मुंबईच्या आसपास आता तीन पिढ्यांचे विमानतळ एकाच वेळी चालू आहेत : आजोबा जुहू, बाप सांताक्रूझ आणि नातू उलवे. यापुढे जुहूच्या जमिनीचा विषय पुन्हा पुन्हा निघेल, असं मला वाटतं. "एवढी मोठी जागा हेलिकॉप्टरसाठी कशाला?" असं लोक विचारतील. विचारायलाही हवं. पण त्याचं उत्तर जुन्या आठवणींवरून देऊ नये. १९३२ साली तिथे जे. आर. डी. उतरले, याचा आपल्याला अभिमान आहेच. स्वतः जे. आर. डीं.नी १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, तेच कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखवलं. पण इतिहासासाठी एक फलक किंवा छोटं संग्रहालय पुरतं. धावपट्टी ठेवायची तर समुद्रातल्या माणसांची ने-आण, पुराच्या वेळची मदत, रुग्णांना हलवणं, शिक्षण, ही कामं तिथून किती होतात आणि ती दुसरीकडून तितक्याच सुरक्षितपणे होतील का, हे मोजून ठरवावं. मोजणं हेच तर आपण इथे चार वर्षं शिकतो.

संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवरून मुंबईकडे उतरत जाणारी विमानं दिसतात. पुढच्या वेळी दिसलं की वरचं गणित करून बघा. ते विमान कुठल्या पट्टीवर उतरेल, कुठल्या दिशेने, आणि थांबायला त्याला किती मीटर लागतील. आणि मेकॅनिकल-सिव्हिलच्या ज्या मित्रांना फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय हवा आहे, त्यांना माझी सूचना : आपल्या तालुक्यातली एखादी वापरात नसलेली सरकारी जागा घ्या, बंद खदान असो, जुनं गोदाम असो की ओसाड वसाहत, आणि तिचं माप घेऊन तिला कोणतं काम शोभेल ते मांडा. गावातल्या माणसांना विचारून मांडा. ग्रंथालयात तयार उत्तर सापडणार नाही, पण सरांना प्रोजेक्ट नक्की आवडेल!